बिनचपलेचं गिऱ्हाईक

कमरोद्दीनभाईंच्या दुकानात चहा आला की पहिला घोट मला घ्यावा लागतो. त्यांना विषाची भीती नाही. कोपऱ्यावरचा चहावाला कालचं दूध आज उकळून देतो, असा त्यांचा फार जुना संशय आहे आणि त्या खटल्यात माझी जीभ साक्षीदार आहे. मी घोट घेतो, ते माझ्या तोंडाकडे बघतात, मी मान हलवतो, मग ते पितात. एवढ्या वर्षांत एकदाही दूध कालचं निघालेलं नाही. त्यावर त्यांचं म्हणणं असं, "तो पक्का आहे, काकासाहेब. पकडला जाईल असं करतच नाय तो."

शहागंजात आमची दुकानं भिंतीला भिंत लावून आहेत. माझं भांड्यांचं, त्यांचं हिमरू शालींचं. माझा धंदा सरळ आहे. भांडं काट्यावर ठेवायचं, किलोचा भाव सांगायचा, घ्यायचं तर घ्या. त्यांच्या दुकानात मात्र एकाच शालीला सकाळी एक भाव, दुपारी दुसरा आणि संध्याकाळी मास्तरीणबाई आल्या तर तिसराच. मी त्यांना तोंडावर लबाड म्हणतो. ते मला तोंडावर भंगारवाला म्हणतात. आमचं छान चाललेलं आहे.

संशयाच्या बाबतीत हा माणूस जातपात, गरीब-श्रीमंत काही पाहत नाही. सगळ्यांवर सारखाच. डॉक्टरांनी गोळी दिली की ती दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून येतात, आणि दोघांनी एकच सांगितलं तर दोघे मिळालेले आहेत म्हणतात. कुलूप लावल्यावर ते ओढून बघतात, थोडं पुढं जाऊन परत येतात आणि पुन्हा ओढतात. त्यांच्या बायको, जाहेदाभाभी, हयात होत्या तेव्हा हसून सांगायच्या, "यांना भूक कमी आणि शक जास्त. दोघांना मीच पोसते." भाभी गेल्या. त्यानंतर पोसायला कोणी नसूनही शक चांगलाच फोफावला.

पण भाव सांगण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या शहागंजात कोणी नाही, हे मी मान्य करतो. त्यांच्या दुकानात पांढरी गादी आहे. गिऱ्हाईक चपला खाली काढतं आणि गादीवर चढतं. लोकांना वाटतं, हा भला माणूस अदबीनं खाली मान घालून सलाम करतोय. तो चपला वाचत असतो. टाच झिजलेली पण पट्टा नवा शिवलेला, म्हणजे घरात लग्न आहे आणि पैसा जपून आहे. शेंद्र्याच्या कंपनीतले जाड बूट, म्हणजे आधी आज तारीख कोणती, पगार झाला का, ते आठवायचं. कन्नडकडच्या लीलाबाई दर लग्नसराईला मानपानाच्या शाली न्यायला येतात. त्यांच्या चपला कायम जुन्याच असतात, पण भाईंना ठाऊक आहे की नव्या चपला पिशवीत ठेवलेल्या आहेत.

दुसरी कला हाक मारण्याची. भाव पटला नाही की गिऱ्हाईक उठतं. उठू द्यायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. गादीवरून उतरलं, उतरू द्यायचं. अंगठा चपलेत शिरला की हाक मारायची, "ओ ताई, भाव राहू द्या, माल तर नीट बघून जा!" आधी हाक मारली तर दुकानदार हावरा ठरतो, उशिरा मारली तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात शिरतं. मी हे कित्येकदा माझ्या गल्ल्यावरून पाहिलंय. हाक चुकलेली मला आठवत नाही.

या माणसाला एकच घोर होता. आपल्यामागं या गादीवर कोण बसणार? मुलगा नाही. एक मुलगी, आमरीन, आणि एक पुतण्या, सरफराज. सरफराज दुकानात होताच, पण त्याला गिऱ्हाइकाच्या चपला दिसायच्या त्या फक्त अडखळल्यावर. आमरीन बी.कॉम. झाली आणि म्हणाली, "अब्बा, मला दुकान पाहिजे. पण मी नुसती गादीवर बसून वाट बघत नाय बसणार. मी ऑनलाइन विकणार."

भाईंनी पहिला प्रश्न विचारला तो मला अजून आवडतो. "तिथं चपला कुठं काढतात?"

"तिथं चपला नसतात, अब्बा."

"मग भाव कशावरून सांगायचा? बिनचपलेचं गिऱ्हाईक म्हणजे भूतच की."

शेवटी ठरलं असं. आमरीननं लग्नसराई संपेपर्यंत ऑनलाइन दुकान चालवायचं. जमलं तर गादी तिची. नाही जमलं तर सरफराजची, आणि तिनं पुन्हा विषय काढायचा नाही. पोरगी कामाला लागली. शालींचे फोटो काढले, दुकानाच्या नावाची वेबसाइट केली, भाव टाकले. मोतिया रंगाची, बारीक बुट्ट्यांची शाल सगळ्यात वर होती, चोवीसशे रुपये. भाईंनी ती आपल्या फोनवर बघितली आणि फोन खिशात ठेवून दिला. मला वाटलं, खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात आले. "काकासाहेब, तुमचा फोन द्या जरा."

"तुमचा कुठं गेला?"

"आहे की. पण माझ्या फोनवर पोरगी मला पाहिजे तोच भाव दाखवत असंल. परक्याला काय दाखवते ते बघू."

मी कपाळाला हात लावला आणि फोन दिला. भाव तोच निघाला, चोवीसशे. एवढ्यावर थांबतील तर ते कमरोद्दीनभाई कसले! शालीखाली 'पिशवीत टाका' असं लिहिलं होतं. त्यांनी ती पिशवीत टाकली, पैसे भरायच्या पानापर्यंत गेले आणि फोन माझ्या हातात दिला. "आता उठून जायचं. बघू बोलावते का."

दुपारी ते परत आले आणि माझ्या फोनवर तीच शाल उघडली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'पुन्हा आलात, आनंद झाला! खास तुमच्यासाठी दहा टक्के कमी.' एकवीसशे साठ.

भाईंनी लगेच स्वतःचा फोन काढला. त्यावर चोवीसशेच. दोन्ही फोन त्यांनी शेजारी शेजारी माझ्या पातेल्यावर ठेवले आणि बराच वेळ बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्या पाठीमागं माझाच माल कोण भाव उतरवून विकायलंय?"

खरं सांगतो, त्या वेळी माझ्याही मनात पाल चुकचुकली. संशय हा खोकल्यासारखा आहे. शेजारच्याला झाला की आपल्याही घशात खवखवतं.

पहिली वीज सरफराजवर पडली. पार्सलं तोच बांधायचा, कॉम्प्युटरही कधीमधी तोच उघडायचा. भाईंनी त्याला सरळ विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. त्यांनी त्याची पिशवी तपासली, तीही तो नमाजाला गेलेला असताना, आणि परत जशीच्या तशी ठेवायला विसरले. पोराच्या लक्षात आलं. त्यानं आरडाओरडा केला नाही. आठवड्याभरात शेंद्र्याला एका कंपनीत कामाला लागला. मी त्याला म्हटलं, "अरे, तिथं तर रोज गेटवर अंगझडती घेतात."

"घेतात ना, काका. पण तिथं सगळ्यांचीच घेतात."



सरफराज गेला, तरी माझ्या फोनवर भाव कमीचा कमीच. मग राहिलं कोण? आमरीन. भाईंनी तिचं नाव तोंडानं घेतलं नाही, पण तेव्हापासून ते तिच्याशी फार गोड बोलायला लागले. त्यांना ओळखणाऱ्याला यातून काय ते कळतं. मी म्हटलं, "अहो, पोटची पोरगी आहे. विचारून टाका एकदा."

"चोराला विचारून कधी चोरी सापडली का, काकासाहेब?"

मग त्यांचा तपास सुरू झाला. तोही कसा, तर धंद्याच्या रीतीनं. रोज नव्या माणसाचा फोन मागायचा. चहावाला, समोरचा शिंपी, अत्तरवाला, बँकेचा शिपाई, गादीवर बसलेली गिऱ्हाइकंसुद्धा. "जरा फोन द्या, माझा चालत नाय," म्हणायचं, मोतिया शाल उघडायची, पिशवीत टाकायची आणि निघून जायचं. नंतर पुन्हा त्याच्याकडे जाऊन बघायचं, हाक आली का. प्रत्येक वेळी हाक यायची. 'पुन्हा आलात, आनंद झाला!' आणि त्याहून वाईट म्हणजे नव्या फोनवर मूळ भाव चढत चालला होता. चोवीसशेचे पंचवीसशे, मग सव्वीसशे, मग अठ्ठावीसशे. परक्याला चढा, परत आलेल्याला उतरता, आणि घरच्या मालकाला पत्ता नाही. भाईंची झोप उडाली. जितका भाव हलायचा तितका संशय वाढायचा, आणि जितका संशय वाढायचा तितके ते जास्त फोन गोळा करायचे. शहागंजात लोक त्यांना बघून फोन खिशात घालायला लागले. चहावाला मला म्हणाला, "भाईंना काय झालं हो? माझ्या फोनमधी काय शोधत्यात?" मी म्हटलं, तुझं कालचं दूध.

आणि एक दिवस आमरीन पेढे घेऊन आली.

मी तेव्हा भाईंच्याच गादीवर चहाची साक्ष द्यायला बसलो होतो. पोरगी धापा टाकत होती, तोंडभर हसत होती. "काका, तुम्ही पण घ्या. अब्बा, तोंड उघडा."

भाईंनी पेढा हातात घेतला आणि उलटासुलटा करून बघितला. "कशाचे?"

"मोतिया शालीचे! अब्बा, आपल्याच शहरातून रोज नवीन नवीन लोक ती शाल बघायलेत. नुसतं बघत नाय, पिशवीत टाकून ठेवायलेत. जातात, परत येतात, परत बघतात. अजून घेतली नाय कुणी, पण एवढे लोक रोज परत येतात म्हणजे लग्नाच्या तारखा जवळ आल्या की घेणारच ना! दुसऱ्या कुठल्याच शालीला असं नाय."

भाईंचा हात पेढ्यासकट जागीच थांबला. मी चहाच्या कपात बघायला लागलो.

"आणि भाव?" त्यांनी विचारलं. "भाव कोण हलवतं?"

"मशीनच हलवती. मी तिला शिकवून ठेवलंय. खूप लोक बघायला लागले की भाव थोडा थोडा चढवायचा. आणि पिशवीत टाकून कुणी उठून गेलं आणि परत आलं, तर त्याला कमी करून द्यायचा." मग ती जरा लाजली. "तुमचंच आहे ते, अब्बा. लहानपणी मी तिथं कोपऱ्यात अभ्यास करायचे ना, तेव्हा बघायचे. अंगठा चपलेत गेला की हाक. मला वाटलं, तुम्ही ओळखाल."

भाईंनी हातातला पेढा चहाच्या बशीत ठेवला.

"म्हणून मी इसार देऊन आले," आमरीन पुढं म्हणाली. "विणकरचाचांना. चाळीस मोतिया शालींचा. लग्नसराईच्या आत देतो म्हणाले."

"इसाराला पैसा कुठून आणला?"

"अम्मीचे कंगन मोडले. तुमच्याकडं मागितले असते तर तुम्ही म्हणाला असता, आधी जमवून दाखव. आता दाखवते ना!"

ती पेढे वाटायला पुढच्या दुकानांत गेली. भाई उठले, माझ्या दुकानात आले आणि हंड्यांच्या मागं, रस्त्यावरून दिसणार नाही असे बसले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"ते सगळे लोक मीच होतो, काकासाहेब."

"माहीत आहे मला. अर्धे फोन माझ्यासमोरच तर मागितले तुम्ही."

मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तितकीच कीवही. जन्मभर कुणावर भरवसा न ठेवलेल्या माणसावर त्या मशीननं डोळे झाकून भरवसा ठेवला, आणि मशीनवर पोरीनं.

आम्ही दोघं विणकरचाचांकडे गेलो. भाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढं तरी हात जोडलेले मी पाहिले. म्हातारा शांतपणे म्हणाला, "भाई, धागा रंगवून झाला, मागावर चढला. घेतलेला इसार परत द्यायची आमच्यात रीत नाय, आणि दिलेला परत मागायची तुमच्यात. तुमच्या वालिदांनी कधी मागितला नाय." बाहेर आल्यावर भाई सवयीनं पुटपुटले, "धागा खरंच चढला असंल का? आत जाऊन बघायला पाहिजे होतं." मी त्यांना दंडाला धरून घरापर्यंत नेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमरीनला सगळं सांगितलं. मला शेजारी बसवून सांगितलं, कारण एकट्यानं सांगायची हिंमत नव्हती. पोरीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं रडेल, भांडेल. तिनं एवढंच विचारलं, "अब्बा, मला कामून नाय विचारलं?"

भाई गादीच्या चादरीवरची सुरकुती हातानं सारखी करत राहिले.

"सगळ्या शहागंजाला विचारलं. चहावाल्याच्या फोनला विचारलं. मी इथं समोर बसलेले असायचे."

तिनं त्याच दिवशी वेबसाइट बंद केली. शेंद्र्याला एका कंपनीत हिशेबाच्या कामाला बोलावलं होतं, तिथं हो म्हणून टाकलं. एक तारखेपासून जायचं होतं. तोवर आलेल्या शाली मोजून लावून देते म्हणाली. आवाज इतका सभ्य, जसा परक्या गिऱ्हाइकाशी. गादीवर बसायला पोरगी होती, आणि या माणसानं तपास करकरून तिला गादीवरून उठवली.

शाली आल्या. चाळीसच्या चाळीस, देखण्या, मऊ. भाईंनी एकही उलटी करून बघितली नाही. यावरून त्यांची अवस्था ओळखा.

आमरीनचा दुकानातला शेवटचा आठवडा चालला होता, तेव्हा लीलाबाई आल्या. जुन्या चपला पायात, नव्या पिशवीत. दोन नातींची लग्नं, मानपानाच्या दहा शाली पाहिजेत. माझ्याकडं गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी भाईंच्या पायरीवर उभा होतो. आमरीन आत कपाटापाशी, आमच्याकडं पाठ करून, घड्या घालत होती. भाईंनी मोतिया शाल उलगडली. लीलाबाईंनी ती गालाला लावून बघितली आणि दरवेळेसारखं तोंड वाकडं केलं. "कितीला?"

कमरोद्दीनभाईंनी त्यांच्या चपलांकडं बघितलंच नाही. म्हणाले, "ताई, विणकराला सतराशे दिले. दोनशे माझे. एकोणीसशे. यात एक पैसा खोटा नाय."

लीलाबाईंनी शाल गालावरून काढली. उजेडात धरली. टोकं ताणून बघितली. "सतराशे दिले? आन मला सांगायलाव? कामून?"

"खरं सांगतो, ताई. आता खोटं बोलायचं नाय ठरवलंय."

"इतकी वर्सं येती मी. आजच कामून खरं बोलायलाव? मालात कायतरी खोट हाय." त्यांनी शाल खाली ठेवली. "नको बाई. दुसरीकडं बघती."

त्या उठल्या. भाई बसूनच राहिले. त्या गादीवरून उतरल्या. मी भाईंकडं बघत होतो. काय हाक मारणार? भाव तर खरा सांगून बसले होते, त्याच्या खाली उतरायला जागाच नव्हती. लीलाबाईंनी एका पायानं चप्पल सरळ केली. अंगठा आत गेला.

"ओ मावशी! भाव राहू द्या, माल तर नीट बघून जा!"

आतून. आमरीनचा आवाज होता, पण वेळ आणि सूर भाईंचाच. लीलाबाई एक पाय चपलेत घालून थांबल्या. आमरीन शाल घेऊन पुढं आली आणि गादीच्या कडेला बसली. "अब्बांचं ऐकू नका. ताप आहे त्यांना, जुना भाव सांगायलेत. हिचा भाव सव्वीसशे आहे."

"बघा!" लीलाबाईंचा जीव भांड्यात पडला. "मला वाटलंच. पण सव्वीसशे लई होत्यात गं."

पुढची घासाघीस पोटभर झाली. आमरीननं शाल दोनदा घडी करून ठेवली, लीलाबाईंनी दोनदा उलगडायला लावली. एकदा त्या पुन्हा उठल्या आणि पोरीनं त्यांना बरोबर अंगठ्यापर्यंत जाऊ दिलं. शेवटी बावीसशेवर ठरलं आणि दहा शाली बांधल्या गेल्या. खऱ्या भावापेक्षा नगामागं तीनशे जास्त देऊन लीलाबाई भाईंच्या कपाळाला हात लावून "ताप हाय खरा" म्हणाल्या आणि जिंकलेल्या चेहऱ्यानं गेल्या.

आमरीन अजून कडेलाच बसली होती, उठून आत जावं की नाही अशी. कमरोद्दीनभाईंनी गल्ल्याची किल्ली कमरेची सोडली, गादीवर मधोमध ठेवली आणि स्वतः सरकून भिंतीला टेकले. पोरीनं किल्लीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "मला परत नाय ना तपासणार?" तिनं विचारलं. भाई म्हणाले, "तपासणार. पण आता तुलाच विचारून तपासीन." तिनं किल्ली उचलली आणि उरलेल्या तीस शाली कपाटातून बाहेर, गादीवर आणून ठेवल्या.

तेवढ्यात चहा आला. माझ्याआधी भाईंनी कप उचलला आणि साक्षीशिवाय घोट घेतला. मला भरून आलं. मग ते माझ्याकडं वाकले. डोळे पाण्यानं भरलेले होते आणि आवाज अगदी बारीक, तिला ऐकू जाऊ नये असा.

"काकासाहेब, पोरगी खोटं लई साफ बोलती हो. मला जे सांगते, ते तरी खरं कशावरून?"

मी म्हटलं, "विचारा की तिला."

त्यांनी गादीकडं बघितलं आणि मोठ्यानं हाक मारली, "आमरीन!"